अवरोही कालगणक

अवरोही कालगणक : आधी ठरवून दिलेल्या कालावधीपासून आरंभ करून समान कालखंडागणिक एकेक एकक वजा करीत शून्यापर्यंत येणारे व शून्य गाठताच इशारा देणारे किंवा एखादी क्रिया घडवून आणणारे साधन. बोलीभाषेत ह्या क्रियेला उलटी मोजणी म्हणतात. साधे घड्याळ किती वेळ गेला ते सांगते. अवरोही कालगणक किती वेळ उरला ते सांगतो. हा फरक वरकरणी किरकोळ वाटला, तरी दुसऱ्या प्रकारच्या साधनावर अधिक जबाबदारी येते, कारण त्याच्या शून्यावर पुढील कृती अवलंबून असते. प्रस्तुत नोंदीत ह्या साधनाचा पूर्वेतिहास, त्याची इलेक्ट्रॉनीय रूपे आणि हार्डवेअर वर्णनभाषेच्या साहाय्याने होणारा त्याचा अभिकल्प यांचा परामर्श घेतला आहे.

पूर्वेतिहास : ठराविक कालावधी संपल्याची सूचना देणारी साधने प्राचीन काळापासून वापरात आहेत. भारतात घटिकापात्र प्रचलित होते. तळाला बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी पाण्यावर तरंगत ठेवीत; छिद्रातून पाणी आत शिरून ती बुडाली म्हणजे एक घटिका, म्हणजे २४ मिनिटे झाली, असे समजत. अहोरात्राच्या ६० घटिका होतात. महाराष्ट्रात लग्नाचा मुहूर्त साधण्यासाठी घटिकापात्र मांडण्याची पद्धत होती, आणि ‘घटका भरली’ ह्या वाक्प्रचारात त्याची स्मृती अद्याप टिकून आहे. यूरोपात चौदाव्या शतकापासून वाळूचे घड्याळ आढळते. त्यात वरच्या भांड्यात उरलेली वाळू हीच उरलेल्या वेळेची मोजणी असते.

अशा साधनाच्या बिघाडाचा सर्वांत प्रसिद्ध दाखला आख्यायिकेच्या रूपाने आला आहे. फैजी याने १५८७ मध्ये भास्कराचार्यांच्या लीलावती ह्या ग्रंथाचे फार्सी भाषांतर केले. त्याच्या प्रस्तावनेत आलेल्या कथेनुसार लीलावतीच्या विवाहाच्या वेळी घटिकापात्रात डोकावताना तिच्या अंगावरील एक मोती पात्रात पडला, छिद्र बुजले आणि पात्र न बुडताच मुहूर्त टळला. कथेला ऐतिहासिक आधार नाही; परंतु कालगणकाचा सर्वांत घातक दोष कोणता, हे ती अचूक सांगते. साधन बंद पडले आहे हे कोणाच्या लक्षात आले नाही, आणि शून्याची वाट पाहणारे सर्व जण वाट पाहतच राहिले.

आकड्यांची उलटी मोजणी मोठ्याने म्हणण्याची प्रथा मात्र अर्वाचीन आहे. फ्रिट्स लांग या दिग्दर्शकाच्या फ्राउ इम मोंड (१९२९) ह्या जर्मन मूकपटात चंद्राकडे जाणाऱ्या रॉकेटच्या उड्डाणापूर्वी पडद्यावर उतरत्या क्रमाने आकडे दाखविण्यात आले. ह्या चित्रपटाला रॉकेटविद्येचे प्रवर्तक हेर्मान ओबेर्ट यांचे तांत्रिक साहाय्य होते. चढत्या मोजणीत शेवटचा अंक कोणता हे प्रेक्षकाला ठाऊक नसते. उतरत्या मोजणीत शून्य सर्वांना ठाऊक असते व त्यामुळे उत्कंठा वाढते, हा त्यामागील नाट्यविचार होता. पुढे रॉकेट उड्डाणांच्या कामी हीच पद्धत सोयीची ठरली. शेकडो तपासण्या व कृती शून्यापासून किती आधी करावयाच्या हे निश्चित करता येते, आणि अडचण आल्यास मोजणी थांबवून नंतर तेथूनच पुढे चालू करता येते.

इलेक्ट्रॉनीय गणक : इलेक्ट्रॉनीय मोजणीचा पाया द्विस्थिर मंडलात आहे. विल्यम हेन्री एकल्स व फ्रँक विल्फ्रेड जॉर्डन या ब्रिटिश भौतिकीविज्ञांनी १९१८ मध्ये दोन इलेक्ट्रॉन नलिकांच्या अशा मंडलाच्या एकस्वासाठी अर्ज केला. पुढे फ्लिप-फ्लॉप ह्या नावाने रूढ झालेले हे मंडल दोनपैकी एका अवस्थेत स्थिर राहते व योग्य स्पंद मिळताच दुसऱ्या अवस्थेत जाते. म्हणजेच ते एक द्विमान अंक स्मरणात ठेवते. केंब्रिज येथील कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत सी. ई. विन-विल्यम्स यांनी १९३२ मध्ये थायरेट्रॉन नलिका वापरून दोनाने भागणारे गणक मंडल तयार केले. अणुकेंद्रीय प्रयोगांत कण इतक्या जलद येत, की यांत्रिक गणकाला ते मोजणे शक्य नव्हते. दोनाने भागणारे टप्पे एकापुढे एक जोडल्यामुळे यांत्रिक गणकाकडे ठराविक स्पंदांमागे एकच स्पंद जाई. जलद स्पंद भागून मंद करण्याची ही युक्ती आजच्या प्रत्येक अंकीय घड्याळात आहे.

क्लॉड शॅनन यांनी १९३७ च्या आपल्या प्रबंधात रिले-मंडलांना बूलीय बीजगणित लागू पडते हे दाखविले. त्यामुळे मंडल हे समीकरणाच्या रूपाने लिहिता येते, ही कल्पना दृढ झाली. १९४६ मध्ये जगासमोर आलेल्या एनिॲक ह्या संगणकात दशमान अंकासाठी दहा द्विस्थिर मंडलांची वलयाकार गणक रचना वापरली होती. १९५८ मध्ये जॅक किल्बी यांनी संकलित मंडल सिद्ध केल्यावर हजारो घटक एका लहानशा चकतीवर बसविण्याचा मार्ग खुला झाला.

१९६० नंतरच्या दशकात टेक्सस इन्स्ट्रुमेंट्स ह्या कंपनीची ७४०० मालिका लोकप्रिय झाली. तीतील ७४१९२ हे दशमान व ७४१९३ हे द्विमान संकलित मंडल चढत्या व उतरत्या अशा दोन्ही दिशांनी मोजू शके. शून्यातून एक वजा झाल्यावर ते शेजारच्या वरच्या स्थानाच्या मंडलाला ‘हातचा’ मागणारा स्पंद देई. अशी चार मंडले व सात रेखांचे अंक उजळविणारी ७४४७ मंडले तारांनी जोडली, की मिनिटे व सेकंद दाखविणारा अवरोही कालगणक तयार होई. इंटेल कंपनीच्या ८२५३ ह्या मंडलात प्रत्येकी १६ द्विमान अंकांचे तीन स्वतंत्र अवरोही गणक होते. १९८१ च्या आयबीएम वैयक्तिक संगणकात हे मंडल होते व त्यातील एक गणक सेकंदाला ११,९३,१८२ स्पंद ह्या वेगाने ६५,५३६ पासून खाली मोजून सेकंदाला सुमारे १८·२ वेळा संगणकाला वेळेची जाणीव करून देत असे.

वर्णनभाषांचा उदय : संकलित मंडलातील घटकांची संख्या हजारांवरून लाखांवर गेली, तेव्हा प्रत्येक द्वार व प्रत्येक तार रेखाटून मंडल योजणे अशक्य होऊ लागले. नोंदकातून नोंदकात माहिती कशी जाते, हे संकेतांनी लिहिण्याचे प्रयत्न १९५० नंतरच्या दशकात आरंभी झाले होते. याओहान चू यांनी १९६५ मध्ये अल्गॉलसारखी संगणक-अभिकल्प भाषा प्रसिद्ध केली. गॉर्डन बेल व ॲलन न्यूवेल यांनी संगणकांच्या संरचनेवरील १९७१ च्या आपल्या ग्रंथात आयएसपी ही संकेतपद्धती वापरली. तथापि ह्या भाषा मुख्यत्वे वर्णनासाठी व अध्यापनासाठी होत्या. वर्णनावरून मंडल घडविणे हाताचेच काम होते.

अमेरिकेच्या संरक्षण खात्याने अतिजलद संकलित मंडलांचा कार्यक्रम १९८० मध्ये हाती घेतला. निरनिराळ्या पुरवठादारांकडून येणाऱ्या मंडलांचे एकाच भाषेत निःसंदिग्ध वर्णन असावे, ही त्यातील एक गरज होती. १९८३ मध्ये इंटरमेट्रिक्स, आयबीएम व टेक्सस इन्स्ट्रुमेंट्स यांच्याकडे हे काम सोपविण्यात आले. त्यातून एडा ह्या संगणकभाषेच्या वळणावर गेलेली व्हीएचडीएल ही भाषा निर्माण झाली व १९८७ मध्ये ती आयईईई संस्थेचे १०७६ क्रमांकाचे मानक झाली. त्याच सुमारास गेटवे डिझाइन ऑटोमेशन ह्या कंपनीत फिल मूर्बी व प्रभू गोयल यांनी व्हेरिलॉग ही भाषा तयार केली. तिचे वळण सी ह्या भाषेशी मिळतेजुळते आहे. कॅडन्स कंपनीने गेटवे विकत घेतल्यावर १९९० मध्ये ही भाषा सर्वांसाठी खुली करण्यात आली व १९९५ मध्ये ती आयईईई १३६४ हे मानक ठरली. तिचा विस्तार असलेल्या सिस्टिमव्हेरिलॉगला २००५ मध्ये १८०० क्रमांकाचे मानक लाभले.

१९८० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात वर्णनावरून आपोआप द्वारांची जुळणी करणारे संश्लेषक कार्यक्रम व्यवहारात आले. तोवर १९८५ मध्ये झायलिंक्स कंपनीने एक्ससी २०६४ हे ६४ तर्ककोशांचे, वापरणाऱ्याला हवे तसे जुळविता येणारे मंडल बाजारात आणले होते. अशा मंडलाला एफपीजीए म्हणतात. ह्या दोन गोष्टी एकत्र आल्यावर विद्यार्थ्यालाही टेबलावर बसून मंडल ‘लिहिणे’ शक्य झाले. त्याचबरोबर लेखनातील चूक हीच मंडलातील चूक ठरू लागली.

अभिकल्प : वर्णनभाषा ही आज्ञांची यादी नसते, हे प्रथम ध्यानात घ्यावे लागते. संगणकाच्या कार्यक्रमात ओळी एकामागून एक अंमलात येतात; वर्णनभाषेतील प्रत्येक विधान मंडलाचा एक भाग दर्शविते आणि हे सर्व भाग एकाच वेळी कार्य करीत असतात. म्हणून व्हेरिलॉगमध्ये घटिस्पंदाच्या कडेला बदलणाऱ्या नोंदकांसाठी स्वतंत्र प्रकारची नियुक्ती वापरतात. तीत उजवीकडील सर्व मूल्ये आधी वाचली जातात व नंतर सर्व नोंदक एकदम बदलतात. तशी ती न वापरल्यास सेकंदांचे एकक स्थान व दशक स्थान यांच्यात कोण आधी बदलले, यावर उत्तर अवलंबून राहू शकते.

अवरोही कालगणकाचे सामान्यतः चार भाग पाडतात. पहिला भाग भाजक होय. समजा, फलकावरील क्वॉर्ट्झ स्फटिकाची कंप्रता ५० मेगॅहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ५ कोटी स्पंद आहे. एक सेकंद मिळविण्यासाठी ० ते ४,९९,९९,९९९ अशी मोजणी करणारा नोंदक लागतो. २५ द्विमान अंकांत ३,३५,५४,४३२ एवढ्याच अवस्था मावतात, म्हणून त्यास २६ अंक लागतात. भाजकातून निघणाऱ्या स्पंदाचा उपयोग नवा घटिस्पंद म्हणून करणे टाळतात. सर्व नोंदकांना मूळचाच घटिस्पंद देऊन हा स्पंद केवळ अनुमतीसाठी वापरणे सुरक्षित समजले जाते.

दुसरा भाग प्रत्यक्ष अवरोही गणक होय. मिनिटे व सेकंद यांसाठी चार दशमान स्थाने घेतात. एकक सेकंद शून्य असता वजाबाकी आली तर तेथे ९ लिहून दशक सेकंदातून एक वजा करतात. दशक सेकंदही शून्य असल्यास तेथे ५ लिहून मिनिटाकडून हातचा घेतात. चारही स्थाने शून्य झाली की मोजणी थांबवावयाची असते. ही अट विसरल्यास गणक ०० : ०० वरून ९९ : ५९ वर जातो, आणि संपलेला कालावधी पुन्हा दीर्घ होऊन बसतो. शून्याची कसोटीही नेमकी हवी. चिन्हरहित नोंदकातील संख्या शून्याहून लहान कधीच होत नाही. ८ अंकी नोंदकात शून्यातून एक वजा केल्यास २५५ मिळतात. म्हणून ‘शून्याहून कमी झाल्यास थांबा’ अशी अट कधीही पूर्ण होत नाही. ‘शून्याइतकी असल्यास थांबा’ असे लिहावे लागते.

तिसरा भाग नियंत्रकाचा असतो. सज्ज, चालू, स्थगित व समाप्त अशा मोजक्या अवस्था कल्पून कोणत्या सूचनेने कोणत्या अवस्थेतून कोठे जावयाचे ते त्यात लिहितात. येथे एक सूक्ष्म दोष वारंवार आढळतो. भाजक अखंड चालू ठेवला व आरंभाची कळ दाबताच फक्त गणकाला अनुमती दिली, तर पहिला ‘सेकंद’ भाजक त्या क्षणी जेथे असेल त्यावर ठरतो व तो जवळजवळ शून्य ते एक सेकंद यांदरम्यान कितीही भरू शकतो. आरंभाच्या क्षणी भाजकही शून्यावर आणणे हा त्यावरील उपाय होय.

चौथा भाग बाह्य जगाशी संबंध जोडतो. यांत्रिक कळ दाबली असता तिचे संपर्क काही मिलिसेकंद उसळत राहतात. ५ मिलिसेकंदांत वरील मंडलाचे २·५ लाख स्पंद होऊन जातात, त्यामुळे एकच दाब अनेक दाबांसारखा भासतो. शिवाय कळ घटिस्पंदाशी जुळवून दाबली जात नाही. नेमक्या कडेच्या क्षणी बदललेला संकेत द्विस्थिर मंडलाला काही काळ ना धड शून्य ना धड एक अशा अर्धस्थिर अवस्थेत ठेवू शकतो. टॉमस चेनी व चार्ल्स मोल्नर यांनी १९७३ मध्ये ह्या घटनेची प्रायोगिक नोंद प्रसिद्ध केली. ही शक्यता पूर्णपणे नाहीशी करता येत नाही. लागोपाठ दोन द्विस्थिर मंडलांतून संकेत नेल्यास ती अत्यंत विरळ होते.

पडताळणी : मंडल घडविण्यापूर्वी संगणकावर त्याचे सादृशीकरण करतात. दहा मिनिटांची मोजणी जशीच्या तशी तपासावयाची, तर ३,००० कोटी घटिस्पंद चालवावे लागतील. म्हणून भाजकाची मर्यादा बदलता येईल अशा प्राचलाच्या रूपाने लिहितात व चाचणीपुरती ती पाच किंवा दहा इतकी ठेवतात. त्याचा आणखी एक फायदा होतो. ५ कोटींच्या ठिकाणी एकाची चूक झाल्यास सेकंद २० नॅनोसेकंदांनी चुकतो व ती चूक डोळ्यांना दिसत नाही. दहाच्या ठिकाणी तीच चूक दहा टक्क्यांची होते व तत्काळ उघडकीस येते. आरंभीचे मूल्य न दिलेला नोंदक सादृशीकरणात ‘अज्ञात’ म्हणून दर्शविला जातो. प्रत्यक्ष मंडलात मात्र तो काहीतरी अंक दाखवीतच असतो, म्हणून हा इशारा महत्त्वाचा आहे.

चार स्थानांच्या कालगणकाच्या ०० : ०० ते ९९ : ५९ अशा ६,००० गणन-अवस्था एकेक करून तपासता येतात. मोठ्या मंडलांत असे करणे अशक्य असते. इंटेलच्या पेंटियम प्रक्रियकातील भागाकाराच्या कोष्टकात काही नोंदी राहून गेल्याचे १९९४ मध्ये उघडकीस आले, तेव्हा कंपनीला ४७·५ कोटी डॉलरचा भार सोसावा लागला. त्यानंतर मंडलाचे गुणधर्म गणितीय रीतीने सिद्ध करण्याच्या पद्धतींकडे उद्योगाचे अधिक लक्ष गेले.

कालगणनेतील प्रमाद : मोजणी अचूक असूनही तिचा अर्थ चुकीचा लावला गेल्यास काय होते, याचे दारुण उदाहरण २५ फेब्रुवारी १९९१ रोजी सौदी अरेबियातील दाहरान येथे घडले. तेथील पेट्रियट क्षेपणास्त्र यंत्रणेत वेळ सेकंदाच्या दशांशांत पूर्णांकाने मोजली जाई व सेकंद मिळविण्यासाठी तिला एक-दशांशाने गुणीत. द्विमान पद्धतीत एक-दशांश ही संख्या सांत रूपात लिहिता येत नाही. २४ अंकी नोंदकात ती तोडून ठेवल्यामुळे दर गुणाकारात अत्यल्प चूक राही. यंत्रणा सलग सुमारे १०० तास चालू राहिल्यावर ही चूक ०·३४ सेकंदांपर्यंत साचली. तेवढ्या वेळात येणारे स्कड क्षेपणास्त्र अर्ध्या किलोमीटरहून अधिक अंतर कापते. यंत्रणेने ते अडविले नाही व २८ अमेरिकन सैनिक मृत्यू पावले. सुधारित कार्यक्रम दुसऱ्या दिवशी तेथे पोचला.

याउलट १० एप्रिल १९८१ रोजी कोलंबिया ह्या अवकाशयानाच्या पहिल्या उड्डाणाच्या वेळी चार मुख्य संगणक व पाचवा राखीव संगणक यांच्या वेळांत मेळ बसेना. दोष विरळ प्रसंगीच प्रकट होणारा होता. राखीव संगणकाने विसंगत वेळ स्वीकारण्याचे नाकारले, मोजणी थांबविण्यात आली व उड्डाण १२ एप्रिल रोजी सुखरूप पार पडले.

भारतातील अनुभव ह्या दुसऱ्या प्रकारचा आहे. २८ मार्च २००१ रोजी श्रीहरिकोटा येथे जीएसएलव्हीच्या पहिल्या उड्डाणाच्या वेळी जोड-एंजिनांपैकी एकाने पुरेसा रेटा न दिल्यामुळे स्वयंचलित यंत्रणेने शेवटच्या क्षणी उड्डाण रोखले. १८ एप्रिल रोजी ते पार पडले. चांद्रयान-२ ची उलटी मोजणी १५ जुलै २०१९ रोजी ५६ मिनिटे २४ सेकंद उरले असताना थांबविण्यात आली व यान २२ जुलै रोजी निघाले. २१ ऑक्टोबर २०२३ रोजी गगनयान कार्यक्रमातील पहिल्या चाचणी-यानाची मोजणी स्वयंचलित यंत्रणेने पाच सेकंद उरले असताना स्थगित केली. कारण शोधून त्याच दिवशी सकाळी दहा वाजता उड्डाण झाले.

उपयोग : घरगुती सूक्ष्मतरंग भट्ट्या, धुलाई यंत्रे, चौकांतील वाहतूक-दिवे, शस्त्रक्रियागृहातील उपकरणे व खेळांची मैदाने अशा अनेक ठिकाणी अवरोही कालगणक वापरतात. पहारेकरी कालगणक हा त्याचा एक विशेष प्रकार होय. त्यात संगणकाने ठराविक अवधीच्या आत मोजणी पुन्हा पूर्ववत भरावयाची असते. संगणक अडकून पडला, तर गणक शून्यावर येतो व संगणकाला पुन्हा प्रथमपासून चालू करतो. लीलावतीच्या कथेतील घटिकापात्रावर असा पहारेकरी नव्हता. आधुनिक अभिकल्पात मोजणी करण्याइतकेच महत्त्व ती करणारे साधन अद्याप चालू आहे किंवा नाही हे पाहण्याला, आणि शून्य येण्यापूर्वी योग्य कारणासाठी थांबण्याला दिले जाते.